हौदात काय नसावं

आमच्या टेस्ट रूममध्ये किस्से फार होत, आणि त्याचं कारण सरळ होतं. केबल पाण्यात बुडवली की एक अख्खा दिवस नि एक रात्र ती तशीच ठेवायची, मगच तपासायची, असा नियम. केबल भिजत असताना आपण काय करणार? बसणार. बसलेला माणूस बोलतो, आणि तीच ती माणसं रोज बोलायला लागली की निम्म्या कामांचे आपोआप किस्से होतात. तुम्ही मंडळींनी विषय काढलाच आहे तर सांगतो. चहा येऊ द्या तोवर.

लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. नागपुरात वीज तेव्हा घराघरांत नुकती शिरत होती. वीज पुरवणाऱ्या एका कंपनीत मी टेस्ट रूमचा असिस्टंट होतो. टेस्ट रूम म्हणजे एक कौलारू खोली, मधोमध सिमेंटचा हौद आणि टेबलावर मेगर. मेगर हे हँडल फिरवायचं यंत्र. केबलच्या तारेवरचं रबर वीज किती अडवतं, ते त्याच्या काट्यावर दिसतं. आकडा मोठा आला की रबर चांगलं, लहान आला की वाईट. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

खोलीचे कर्तेधर्ते उमाळकर. आधी हायस्कुलात सायन्स शिकवायचे, म्हणून कंपनीतही सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दुसरा गणपत, केबलचे जोड करणारा जॉईंटर. हा कुही गावाकडचा, घरी धानाची शेती, आवाज बांधावरून हाक मारणाऱ्याचा. तो खोलीत कुजबुजला तरी रस्त्यावर ऐकू जाई. आणि आमच्या सगळ्यांच्या वर विल्मट साहेब, चीफ इंजिनिअर. साहेब इंग्रजीतच बोलत, पण मी मराठीतच सांगतो; त्यांचं इंग्रजी माझ्या तोंडून ऐकण्यात काही मजा नाही.

भिंतीवर तीन खिळे होते. एकावर विलायती स्टँडर्डचं, म्हणजे तपासणीच्या नियमांचं, पुस्तक दोरीनं टांगलेलं, दुसऱ्यावर जर्मन स्टँडर्डचं. आम्ही केबल दोन्हीकडून मागवायचो, म्हणून दोन्ही पुस्तकं. तिसरा खिळा रिकामा. साहेबांनी एकदा विचारलं, "हा कशाला?"

मास्तर म्हणाले, "सर, जागा धरून ठेवली आहे."

* * *

एकदा साहेबांनी दोन केबल कंपन्यांचे तपासणीचे दाखले टेबलावर शेजारी शेजारी मांडले. विलायती केबलच्या दाखल्यावर आकडा मोठा, जर्मन केबलच्या दाखल्यावर लहान. "पाहा," साहेब म्हणाले, "आमचं रबर."

मास्तरांनी दाखले उचलून डोळ्यांशी धरले. दाखल्यांवर बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. विलायती केबल साठ डिग्री फॅरनहाइटच्या गार पाण्यात तपासलेली, जर्मन केबल जरा कोमट पाण्यात. आणि रबराचं असं असतं, की पाणी तापलं की आकडा भराभर उतरतो. रबर बिघडत नाही, नुसता आकडा उतरतो. दोन स्टँडर्डांची तुलना करायची तर आधी पाणी एक करायला हवं, ही साधी गोष्ट. मास्तरांनी दोन्ही केबलींचे तुकडे आमच्या हौदात टाकले आणि दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर मी मेगर फिरवला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे!

साहेब काट्यावर वाकले. "याचा अर्थ काय?"

"सर, नागपूरच्या पाण्यात इंग्रज आणि जर्मन सारखेच भिजतात."

साहेबांनी टोपी उचलली, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "हे क्लबात कुणाला सांगू नका."

आम्हाला क्लबात कोण घेणार होतं!

* * *

आता त्या साठ डिग्रीची गंमत ऐका. फॅरनहाइटचे साठ म्हणजे चांगलंच गार पाणी. नागपुरात हौदाचं पाणी साठ डिग्रीवर कधी येतं? संक्रांतीच्या आसपास, पहाटे, तेही थंडीची लहर आली तर. मास्तर नियमाचे इतके पक्के, की त्यांनी वर्षभर आलेल्या विलायती केबलींचे नमुने बांधून ठेवले आणि सगळे जानेवारीत तपासायला काढले. आम्ही पहाटे कानटोप्या घालून मेगर फिरवत होतो, आणि गणपत शेकोटी पेटवायला निघाला की मास्तर ओरडत होते, "इकडे आणू नको गा, पाणी तापते!"

साहेबांनी स्टोअरमध्ये पाहिलं तर केबलचे ड्रम छपरापर्यंत. "हा माल जमिनीत का नाही?"

"सर, हिवाळ्याची वाट पाहत होता."

साहेब तेव्हा जे बोलले ते मी मराठीत सांगणार नाही. पण शेवट असा झाला: कन्हान नदीच्या काठी पाण्याचे पंप बसणार होते, शहराला त्यांचंच पाणी मिळणार होतं, आणि त्यांची केबल चैत्रात येणार होती. ती ताबडतोब तपासायची, थंडीची वाट पाहायची नाही. "तुमचा आकडा कंपनीच्या दाखल्याशी जुळला पाहिजे. नाही जुळला, तर ही खोली बंद. पुढची सगळी तपासणी कलकत्त्याला."

साहेब गेल्यावर मास्तर हौदाच्या काठावर बसले. त्यांनी ती खोली स्वतः उभी केली होती. हौदाचं सिमेंटसुद्धा स्वतःसमोर घोटून घेतलेलं. मला म्हणाले, "वसंता, कलकत्त्याचा माणूस सांगन का गा, की नागपूरच्या जमिनीत केबल कशी राहते? त्याले उन्हाळाच ठाऊक नाही." मास्तरांचा आवाज बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला फार वाईट वाटलं.

* * *

चैत्र आला, केबल आली, आणि उन्हाळा तर तिच्याआधीच येऊन बसला होता. हौदाचं पाणी अंघोळीला चालेल असं. आकडा दाखल्याच्या जवळपाससुद्धा येईना. मग मास्तरांनी ठरवलं, पाणीच गार करायचं. खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्या लावल्या. बर्फाच्या कारखान्यातून टांग्यातून लाद्या आणल्या, भुशात आणि पोत्यात गुंडाळून. बर्फ हौदात पडला आणि बातमी सगळ्या हापिसात पसरली. अकाउंट्सची माणसं, जी आमच्याकडे जन्मात फिरकली नव्हती, ती पेले घेऊन "केबल पाहायला" यायला लागली.

आणि गणपतनं काय करावं? कन्हानच्या रेतीतून आलेलं एक थोरलं टरबूज हौदात सोडून दिलं.

नेमके तेव्हाच साहेब आत आले. पाण्यात केबलचं वेटोळं, वर बर्फ, आणि बर्फात डुलणारं हिरवंगार टरबूज. साहेबांचा चेहरा टरबुजाच्या आतल्या रंगाचा झाला. "उमाळकर! हे स्टँडर्डमध्ये बसतं?"

मास्तर उठले. विलायती पुस्तक खिळ्यावरून काढलं, पानं उलटली. जर्मन पुस्तक काढलं, त्याचीही उलटली. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "सर, केबल पाण्यात पूर्ण बुडालेली असावी, असं दोन्हीकडे आहे. हौदात काय नसावं, हे कुठंच लिहिलेलं नाही. या एका कलमावर दोन्ही देशांचं एकमत आहे."

साहेब चालते झाले. टरबूज मात्र फार गोड निघालं.

त्या दिवशी बर्फानं पाणी साठ डिग्रीला आलं, आकडा दाखल्याशी तंतोतंत जुळला, आणि आम्ही नाचायचेच बाकी होतो. पण मास्तर खूश दिसेनात. टरबुजाची फोड हातात तशीच. "जुळला जी मास्तर!" गणपत ओरडला. "आता काहून तोंड पाडून बसले?"

मास्तर म्हणाले, "अरे, ही केबल उद्या वैशाखात काळ्या मातीत पडणार. तिले इथं राहाचं आहे आणि आपण तिले शिमल्यात तपासून राहिलो!"

तिथून मास्तरांचं डोकं फिरलं, आणि चांगल्या बाजूला फिरलं. केबलीतून किती करंट न्यायचा याचा एक तक्ता विलायती पुस्तकात होता. तोही गार देशाच्या हिशेबाचा. मास्तरांचं म्हणणं, केबल उत्तम आहे, पण इथल्या उन्हाळ्यात तिच्यावर पूर्ण लोड टाकला तर ती आतून शिजेल. लोड कमी करा, वर्षानुवर्षं टिकेल. त्यांनी नागपूरच्या हवेचा स्वतःचा तक्ता करायला घेतला. साहेबांना सांगितलं तर साहेब म्हणाले, "केबल चांगली म्हणता आणि काम पूर्ण देत नाही? केबल एक तर चांगली असते, नाही तर वाईट."

मास्तर म्हणाले, "सर, आपणही मेमध्ये दुपारी टेनिस खेळत नाही."

* * *

तिसऱ्या खिळ्यावर पहिल्यांदा काय लागलं, तेही सांगायला हवं. तक्ता नव्हे, एक लाकडी कोपरा!

केबल किती वाकवली तरी तडकू नये, याचेही दोन्ही पुस्तकांत नियम होते. इतक्या जाडीच्या लाकडी रुळाभोवती ती गुंडाळायची. विलायती रूळ वेगळा, जर्मन रूळ वेगळा. आमची केबल दोन्हीत पास. पण इतवारीतल्या एका बोळात सराफाचा ओटा आडवा येई. त्याला वळसा घालून केबल न्यायची तर विलायती नाही नि जर्मन नाही, असं भलतंच वळण. ओट्याचा एक दगड काढू द्या म्हणून मास्तर स्वतः विनवणी करायला गेले. सराफ पानाचा डबा पुढे करून म्हणाला, "मास्तर, या ओट्यावर माझा आजा बसत होता. तुमची तार वाकवा, मी नाही वाकत."

मास्तर रागावले नाहीत. सुतार बोलावला, ओट्याच्या कोपऱ्याचं लाकडी माप करून घेतलं आणि ते तिसऱ्या खिळ्याला टांगलं. पुढे इतवारीत जाणारी प्रत्येक केबल आधी त्या मापाभोवती वाकवून पाहायची. जी तडकली नाही तीच त्या बोळात जाई.

विल्मट साहेबांनी ते माप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हे स्टँडर्ड नाही. ही कुणाची तरी पायरी आहे."

"होय सर. पण बदलत नाही," मास्तर म्हणाले. "स्टँडर्ड म्हणजे आणखी काय असतं?"

साहेबांनी माप जागेवर ठेवलं. काढून टाका मात्र म्हणाले नाहीत. हे मी तेव्हाच लक्षात ठेवलं.

* * *

वाळवीचा किस्सा छोटा आहे, आदल्या वर्षीचा. केबलीवर वरून तागाचं आवरण असे. वाळवी त्याचं काय करते, याबद्दल दोन्ही पुस्तकं गप्प. युरोपात वाळवीला थंडी सोसत नसावी. म्हणून आम्ही एक विलायती तुकडा आणि एक जर्मन तुकडा आवारात शेजारी पुरला होता. पावसाळा उलटल्यावर साहेबांसमोर उकरला. साहेब वाकून पाहायला लागले. त्यांच्या देशाची अब्रू खड्ड्यात होती.

जर्मन तुकड्यावरचा ताग साफ फस्त. विलायती तुकड्यावरचाही साफ. विलायती तुकड्याला लावलेली पत्र्याची एक पट्टी तेवढी शाबूत होती, तिच्यावर कंपनीनं ठोकलेलं: हर हवेत टिकाऊ.

गणपतनं माती पुसून पट्टी साहेबांच्या हातात दिली आणि आपल्या हिंदुस्थानीत म्हणाला, "साहब, गारंटी को हात नहीं लगाया।"

* * *

आता शेवटचा. हा मी हजारदा सांगितला असेल, आणि माझं मन अजून भरलं नाही.

टरबुजाच्या त्या चैत्रामागून वैशाख लागला. मास्तरांचा तक्ता पुरा झाला, पण साहेब सही करीनात. बर्फातला आकडा जुळला म्हणजे जुळला, आता लोडही पुस्तकाप्रमाणेच टाका, हे त्यांचं म्हणणं. मास्तरांचं म्हणणं, मग पंप वैशाखातच बंद पडतील आणि शहर तहानलेलं राहील. अखेर साहेबांनी केबल कंपनीचा एक्स्पर्ट कलकत्त्याहून बोलावला. तो जे म्हणेल ते अंतिम. मास्तर चूक ठरले तर टेस्ट रूमला कुलूप.

एक्स्पर्ट पेनफोल्ड साहेब सकाळच्या गाडीनं उतरले. लोकरी सूट, वेस्टकोट, टाय, चकचकीत बूट. आवारात आम्ही दोन चर खणून ठेवले होते, दोन्हींत पंपाच्याच केबलीचे तुकडे पुरलेले. एकात पुस्तकातला पूर्ण करंट, दुसऱ्यात मास्तरांनी कमी केलेला. दोन्ही केबलींना चिकटून एकेक थर्मामीटर. केबल किती तापलेली चालेल याची हद्द कंपनीच्याच पुस्तकात दिलेली. संध्याकाळपर्यंत ती हद्द कोण ओलांडतं, ते पाहायचं.

मास्तर म्हणाले, "सर, खसच्या ताटीआड खुर्ची ठेवली आहे. आम्ही आकडे आणून देऊ."

पेनफोल्ड साहेब हसले. "आकडे मी स्वतः घेईन. मी चराजवळच बसतो. तुम्ही लोक थर्मामीटर उन्हात धराल."

गणपतला इंग्रजी येत नव्हतं, पण बोलण्याचा सूर बरोबर कळला. तो काही तरी बोलणार, एवढ्यात मास्तरांनी त्याचा हात दाबला. "बसू दे गा. त्यांची खुर्ची उन्हात ठेव. ते म्हणून राहिले ना."

साहेब बसले. विल्मट साहेब कामाला निघून गेले. सूर्य वर चढायला लागला आणि भाजणारी लू सुटली. आधी पेनफोल्ड साहेबांचा कोट निघाला. आकडे ठीक होते, दोन्ही केबली हद्दीच्या आत. मग वेस्टकोट निघाला. पूर्ण लोडची केबल चढायला लागली होती. मग टाय निघाला. मी पाणी नेऊन दिलं, त्यांनी अर्धं प्यायलं नि अर्धं डोक्यावर ओतलं. माणूस खोटा नव्हता, हे मला सांगायलाच हवं. जागचा हलला नाही. प्रत्येक आकडा स्वतः वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि स्वतःच्या हातानं लिहिला.

भर दुपारी पूर्ण लोडच्या केबलीनं हद्द ओलांडली. साहेबांनी थर्मामीटर झटकला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. मग मास्तरांच्या चरापाशी जाऊन पाहिलं. ती केबल हद्दीच्या आत निवांत होती. साहेब सरळ उभे राहायला गेले आणि डुलले. गणपतनं त्यांना दंडाला धरलं, नाही तर चरातच गेले असते.

आम्ही त्यांना टेस्ट रूममध्ये आणलं. खसच्या ताट्या, अंधार, ओल. मास्तरांनी मेगरच्या तारा आधी काढून बाजूला ठेवल्या, नियमाचा माणूस. साहेब हौदाच्या काठावर बसले, हौदाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग बूट काढले, मोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. केबलच्या वेटोळ्याशेजारीच. डोळे मिटून त्यांनी असा काही सुस्कारा सोडला, की मास्तरांच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला.

बऱ्याच वेळानं डोळे न उघडताच ते म्हणाले, "उमाळकर, लोड किती कमी करा म्हणाला होता?"

मास्तरांनी तक्ता पुढे धरला. साहेबांनी तो ओल्या हातांनी घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि खाली सही केली. मास्तरांनी सहीवर फुंकर घातली. गणपत तर बाहेर जाऊन त्याच्या त्या आवाजात साऱ्या आवाराला ओरडून सांगून आला, "आपली खोली राहिली गा!"

तो ओरडा ऐकून विल्मट साहेब धावत आले. दारातच थबकले. त्यांच्यासमोर कलकत्त्याचा एक्स्पर्ट, गुडघ्यापर्यंत टेस्टच्या पाण्यात.

पेनफोल्ड साहेब ओशाळले. घाईघाईनं पाय काढायला लागले. विल्मट साहेबांनी त्यांच्या हातातला तक्ता घेतला, सही पाहिली. भिंतीशी गेले, सराफाच्या ओट्याचं माप जरा सरकवलं आणि तिसऱ्या खिळ्यावर तक्ता स्वतःच्या हातानं टांगला.

मग वळून म्हणाले, "बसा, पेनफोल्ड, बसा. हौदात काय नसावं, हे कुठंच लिहिलेलं नाही."

आणि काठावर टेकून आपल्या बुटाची लेस सोडायला लागले.